कुंवरसाहेबांच्या भुवया

१२ जानेवारी १९६०, मंगळवार

साहेबांनी आज ऑफिसात बोलावून विचारलं, माणसांचे फोटो काढाल का? वर्षभर मी नव्या कारखान्याच्या फोटो विभागात पाये, खड्डे, क्रेन आणि धुराडी काढते आहे. दर सोमवारी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, म्हणजे आठवड्यात काम किती वाढलं ते वरच्यांना दिसतं. माणूस चौकटीत येतो तो मापापुरता. साडेपाच फुटांचा मजूर खांबाशेजारी उभा केला की खांब केवढा ते कळतं.

काम बेलरडीहच्या जमीनदारांचं आहे. जमीनदारी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण लोक त्यांना अजून राजासाहेबच म्हणतात. पुतण्याचं लग्न जमवायचं आहे. मुलीच्या घरी पाठवायला त्याचा एक फोटो हवा, आणि फोटो पसंत पडून जमलं तर लग्नाचेही हवेत. जनान्यात पुरुष फोटोग्राफर चालत नाही. दुर्गपासून रायपूरपर्यंत बाई फोटोग्राफर मी एकटीच.

"राजमहल में जाओगी, मिस टेंभुर्णे, हमें भूल मत जाना," साहेब म्हणाले.

मी प्लेट कॅमेरा बाहेर न्यायची लेखी परवानगी मागितली. मिळाली.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "राजाच्या घरी चाल्ली तं चांगलं लुगडं नेस. आन् आडनाव कोनी इचारल्याबिगर सांगू नोको."

बाबा जेवत होते. ते रेल्वेत फिटर आहेत आणि जेवताना सहसा बोलत नाहीत. "इचारलं तं सांगजो," ते म्हणाले. "लपवाचं कायले? छप्पन साली नागपूरले दीक्षेले गेलो, ते लपवासाठी गेलो होतो का आपन?"

१७ जानेवारी, रविवार

बेलरडीहला जीपने दीड तास. मरोदा मागे पडल्यावर रस्ता नाहीच, बैलगाडीची चाकोरी. गढी दुरून दिसते. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, त्यांवर टोपीसारखी निमुळती छपरं, दारात साखळ्यांचा पूल आणि खाली कोरडा खंदक. खंदकात शेळ्या चरत होत्या. मला घ्यायला आलेले मुन्शी टिकाराम अभिमानाने सांगत होते की राजासाहेबांच्या आजोबांनी विलायती बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र गवंड्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, असंच पाहिजे. डब्यावर किल्ल्याची मागची बाजू नव्हती. म्हणून या इमारतीलाही ती नाही, नुसती विटांची भिंत आहे. पुढून काढायला ठीक.

मला सगळे मिस साहब म्हणतात. चहा चिनी मातीच्या कपातून दिला. आडनाव कोणी विचारलं नाही.

पुतण्या म्हणजे कुंवरसाहेब, सव्वीस वर्षांचे. उंच, आवाज मऊ. चेहऱ्याची नोंद: भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा नाही, कानाच्या पाळ्या जाड, कपाळ आणि गाल तेल लावल्यासारखे चकाकतात. प्रकाशाच्या दृष्टीने तिन्ही गोष्टी त्रासाच्या. खिडकीला धोतर बांधून उजेड मऊ केला, तरी खोली अंधारी, म्हणून फ्लॅशचा बल्ब वापरावा लागला. उडवलेला बल्ब मी ताटलीत ठेवला. कुंवरसाहेबांनी तो कुतूहलाने उचलला आणि बोटांत फिरवत आतली वितळलेली तार बघत बसले. गरम आहे, असं मी म्हणेपर्यंत जळल्याचा वास आला होता. त्यांनी बोटांकडे पाहिलं, बल्ब हळूच खाली ठेवला आणि मलाच म्हणाले, "माफ कीजिए." हात अजिबात थरथरला नाही. इतकी सहनशक्ती मी पाहिलेली नाही. लांब एक्स्पोजरला अशी माणसं चांगली.

निघताना राजासाहेब म्हणाले, "भौंहें पूरी कर देना, मिस साहब. कान भी ज़रा हल्के. हो जाता है ना?"

होतं, म्हटलं.

जीपपाशी कुंवरसाहेब स्वतः आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाले, "जितना है, उतना ही रहने दीजिए. मेरी भौंहें मत बनाइए."

मी म्हटलं, काम राजासाहेबांनी सांगितलं आहे. ते मान हलवून परत गेले. आपल्या दिसण्याबद्दल पुरुष इतका हळवा असतो हे मला माहीत नव्हतं.

२० जानेवारी, बुधवार

भुवया झाल्या. निगेटिव्हवर सगळं उलट असतं. काळे केस तिथे नितळ काच म्हणून येतात, तेव्हा केस हवा असेल तर काचेवरचा थर खरवडावा लागतो. पेन्सिलचं काम नाही, पात्याचं आहे. एकेक केस वेगळा, मुळाशी जाड, टोकाशी बारीक, थोडे उलट दिशेचे, नाहीतर भुवई चिकटवल्यासारखी दिसते. उजवीकडे चौतीस, डावीकडे एकतीस. सारखे आकडे मुद्दाम टाळले. पाळ्यांची कड पार्श्वभूमीत मिसळवली. कपाळाची चमक उतरवली.

पातं लावण्याआधी एक साधी प्रत काढून ठेवली आहे. नागपूरच्या तंत्रशाळेतली सवय. मूळ काय होतं याचा पुरावा हातात हवा.

प्रत वाळल्यावर भिंग लावून पाहिलं. खरवडलेलं कुठे ते मला स्वतःला शोधावं लागलं. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

२ फेब्रुवारी, मंगळवार

मुन्शी टिकाराम मिठाई घेऊन ऑफिसात आले. जमलं. मुलगी आमगावकडची, शाळामास्तर श्यामराव ठाकूर यांची. राजपूतच, पण तीन पिढ्या तिकडे राहून घरात मराठी बोलतात. नाव सत्यभामा.

"फोटो देखा और हाँ कर दी. अपनी पेटी में रखे घूमती है," मुन्शी हसत म्हणाले. "आपके हाथ में जादू है, मिस साहब."

लग्न १९ तारखेला, गढीवरच. या लोकांत त्याला डोला म्हणतात. मुलीकडची ऐपत कमी असेल तर नवरदेव वरात घेऊन जात नाही, मुलीलाच दोन-तीन नातेवाइकांसह नवऱ्याच्या घरी आणतात आणि तिथे लग्न लावतात. तोवर तिने नवऱ्याला बघायचं नसतं. मी विचारलं, इतक्या लांबची मुलगी का केली? जवळपास राजपुतांची घरं नाहीत का?

"हैं," मुन्शी म्हणाले, आणि पेढ्यांचं खोकं साहेबांच्या टेबलाकडे घेऊन गेले.

७ फेब्रुवारी, रविवार

लिहायला उशीर करते आहे. क्रमाने लिहिते.

दुपारी मी जुन्या प्रती लावत बसले होते. आई तांदूळ निवडत होती. कुंवरसाहेबांची साधी प्रत खाली पडली, ती तिने उचलली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हा कोन वं?"

"ज्याचं लग्न काढायचं आहे तो."

"याच्या भवया कुठं गेल्या?"

"नाहीतच. मी दुसऱ्या प्रतीत काढून दिल्या."

आईने सूप बाजूला ठेवलं. "कान पाह्य याचे. मामंजीच्या भावाले असंच झालं होतं. आधी भवया गेल्या, मंग बोटं. चुलीतला इस्तू हातात धरे, त्याले समजेच नाई." तिने प्रत उलटी करून ठेवली. "रगतपिती हाय याले. आन् तू भवया काढून देल्या?"

महारोग. बल्ब आठवला. वास आठवला.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आता हाय ना?" आई म्हणाली. "त्या पोरीले कोनी सांगतलं का?"

संध्याकाळी शेजारच्या रुक्माला विचारलं. ती इस्पितळात नर्स आहे. माणसाचं नाव न घेता विचारलं. ती म्हणाली, आता गोळ्या आहेत, वेळेवर सुरू केल्या तर बरा होतो, घरातल्यांनाही धोका राहत नाही, फक्त आणा त्याला. आणणार कोण? गढीची जीप सगळा जिल्हा ओळखतो. इस्पितळाच्या दारात ती दहा मिनिटं उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा होईल. म्हणून त्याला औषध नाही, बायको आहे.

माझा दोष किती, हे मोजायचा प्रयत्न केला. मला सांगितलं ते मी केलं. न सांगितलेलं मला माहीत नव्हतं. हे खरं आहे. मात्र आजपासून ते खरं नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

श्यामराव ठाकूर, शाळामास्तर, आमगाव, यांना रजिस्टर पत्र टाकलं. मजकूर:

"आपणांस मिळालेल्या फोटोत भुवया व कान मी दुरुस्त केलेले आहेत. सोबत मूळ प्रत जोडली आहे. ती डॉक्टरांस दाखवावी. — पं. टेंभुर्णे, फोटोग्राफर."

'पंचफुला' असं पूर्ण नाव लिहिलं नाही. बाईचं पत्र म्हणून बाजूला टाकतील.

१५ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर नाही. सकाळी क्रेनचे फोटो. धुकं होतं, परत काढावे लागतील.

१८ फेब्रुवारी, गुरुवार. बेलरडीह

दुपारी पोचले. बुरुजातली एक खोली मला दिली आहे. गोल भिंतीला चौकोनी पलंग, त्यामुळे चारही बाजूंनी कचरा साठतो. पुलावर झेंडूची तोरणं. खंदकातल्या शेळ्या हलवल्या आहेत.

मुलगी चार दिवसांपूर्वीच आली आहे. वडील आणि एक म्हातारी आत्या बरोबर. म्हणजे पत्र पोचूनही आली. पत्र पोचलंच नसावं, असं धरून मी मास्तरांना शोधायला गेले. ते मागच्या बाजूला, त्या विटांच्या भिंतीच्या सावलीत उभे होते. काळा कोट, मानेशी उसवलेला.

"मी टेंभुर्णे."

"असं? मले वाटलं कोनी बाप्या असन." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून माझं पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. मूळ प्रत आतच होती. "घ्या. इथं कोनाच्या हाती लागलं तं वांधे होतीन."

"तुम्ही डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवाचं काय? मले मालूमच होतं, बाई. मुन्शी पह्यल्याच दिवशी बोलला. फसवलं नाई त्याईनं मले."

मग फोटो कशाला मागितला, हे मी विचारलं असावं.

"तिच्यासाठी," ते म्हणाले. "पोरगी हट्टी हाय. पायल्याबिगर हो म्हनत नोती." त्यांनी कोटाची बटणं लावली. "तिच्या पाठच्या दोघी हायेत. त्याईची लग्नं गढीवरून लावून देतो म्हनाले राजासाहेब. एकीचं वाईट झालं तं दोघीईचं चांगलं व्हते. शाळेत मीच शिकवतो हे गनित. तुमी फोटो मात्र लाखात एक काढला. चार दिवस झाले, पोरगी खूश हाय. आता कावून बिघडवता?"

मी तिथून निघाले. म्हणजे तो फोटो दोन घरांमध्ये दुवा म्हणून गेलाच नव्हता. तो एकाच माणसासाठी होता, आणि ते माणूस सोडून सगळ्यांना सगळं माहीत आहे.

उद्या सकाळी तिचे फोटो आहेत. जनान्यात, दार लावून, फक्त ती आणि मी. आत्या सोडली तर तिथे मराठी कळणारं दुसरं कोणी नाही. तेव्हा तिलाच सांगेन. वाक्यं ठरवली आहेत: त्याला आजार आहे. औषधाने बरा होईल, पण ते त्याला औषध देत नाहीत. तू नाही म्हण. मुहूर्ताच्या आधी मोठ्याने, सगळ्यांसमोर नाही म्हण. बाहेर जीप आहे. ड्रायव्हर कवडू माझ्या विभागाचा आहे, यांचा नाही. तुला दुर्गला नेऊन आमगावच्या गाडीत बसवू. तिकडे घरात घेतलं नाही तर आमच्याकडे ये. आई घेईल.

पाठ केलं आहे. चुकणार नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

घडलं तसं लिहिते.

सत्यभामा वीस वर्षांची, ठेंगणी, गालावर देवीचे दोन-तीन व्रण. हळदीने पिवळी झालेली. पिवळा रंग प्लेटवर काळपट येतो, म्हणून तोंड पुसायला सांगितलं. मराठी ऐकून ती दचकली आणि मग हसायलाच लागली.

"अरे देवा, ताई, तुमी मराठी बोलता? चार दिवस झाले, आत्या सोडली तं माह्याशी कोनी माह्या बोलीत बोललं नाई. सासूबाई म्हनतेत बइठ, बइठ. मी आपली बसलेलीच. पाय आखडून गेले."

मी दार लावलं. ती बोलतच होती. बुरूज किती गोल, शेळ्या कुठे गेल्या, इथे डाळीत गूळ घालत नाहीत. तिने पेटीतून फोटो काढून मला दाखवला. कोपरे मऊ झाले होते.

"तुमीच काढला ना? आत्या म्हने, एवढा देखना मानूस तुले कसा काय भेटला. जळते मेली."

मी कॅमेरा मांडला आणि काळ्या कापडाखाली न जाता तिच्यासमोर बसले. म्हटलं, "मला तुला काही सांगायचं आहे."

"सांगा ना. पन आधी पानी प्या, किती घाम आला तुमाले." कोपऱ्यात तिचा माहेरचा तांब्या होता. पेला भरून माझ्याकडे आणता आणता तिने विचारलं, "ताई, आडनाव काय तुमचं? कोनच्या गावचे?"

"टेंभुर्णे. मूळचे पवनीकडचे."

पेला मध्येच थांबला. "टेंभुर्णे म्हंजे... त्या दीक्षेतले?"

"हो."

तिने पेला परत तांब्यात ओतला. तोंडावर तिरस्कार नव्हता, हे नोंदवायला हवं. उंबऱ्यावरून पाय उचलावा तितक्या सहज तिने ते केलं. मग तांब्या उंच धरला आणि त्याच प्रेमळ आवाजात म्हणाली, "ओंजळ करा, ताई. मी वरून घालते."

मी म्हटलं, तहान नाही.

"राग नका मानू हं. आज माहं लगन हाय म्हनून. नाईतर मी काई मानत नाई."

राग मानला नाही, असं मी तिला सांगितलं. मग कापडाखाली जाऊन फोकस केला. तिने विचारलं, "तुमी काई सांगत होत्या?"

"मान थोडी डावीकडे, एवढंच."

ओठ हलवू नको, असंही सांगितलं. ती मान वळवून बसली. काही वेळाने, ओठ न हलवायचा प्रयत्न करत, म्हणाली, "ताई, एक इचारू? मले कोनी खरं सांगत नाई, सारेच हासतेत. तुमी त्याईले समोरून पायलं. फोटोत हायेत तसेच हायेत ना?"

"फोटो मी स्वतः काढला आहे," मी म्हटलं. "तसेच आहेत."

ती हसली. ते हसणं मी घेतलं. तीन प्लेटा, तिन्ही चांगल्या.

हे पाण्यामुळे झालं असं कोणी म्हणेल, म्हणून लिहून ठेवते. त्याचा संबंध नाही. असले तांब्ये मी लहानपणापासून पाहिले आहेत, तहान मारायची मला सवय आहे. मुद्दा असा की बाप स्वतः जाणून-बुजून देतो आहे, मुलगी सज्ञान आहे, आणि माझं काम फोटो काढण्याचं आहे. लग्नाच्या दिवशी सकाळी सांगून उपयोगही नसतो. कालच्या नोंदीत मी फार पुढचं लिहिलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळनंतर

मुहूर्त गोधुळीचा. उजेड कमी, पण पुरला. कारखान्यातले तीन रशियन इंजिनियर बायकांसह आले होते. पुलावर उभं राहून टाळ्या वाजवत होते. दुभाषा मला म्हणाला, यांना लहानपणी ऐकलेल्या परीकथेत आल्यासारखं वाटतं आहे. मी त्यांना विटांच्या भिंतीकडे जाऊ दिलं नाही. तिकडून फोटो चांगला येत नाही.

नवरदेव आत येताना माझ्याजवळ थांबले. फुलांचा सेहरा हनुवटीपर्यंत, हातात पांढरे मोजे. सेहऱ्याच्या आतून म्हणाले, "अब माँ रोज़ काजल से भौंहें बनाती हैं. आप वाली जैसी नहीं बनतीं."

मी म्हटलं, थोडं डावीकडे उभे राहा.

पाणिग्रहणाच्या वेळी भटजीने मोजे काढायला लावले. दोघांचे हात एकमेकांत देऊन वर लाल कापड टाकतात, त्यामुळे कोणाला काही दिसत नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं पडतं, माणसं डोक्यावर उभी असतात. बरं असतं ते. चेहरा चेहरा वाटत नाही, उजेड-सावलीचा आकार वाटतो. त्या काचेवर मी पाहिलं की कापड दोनदा हललं. तिच्या अंगठ्याने त्याची बोटं चाचपली असावीत. मग ती थांबली. तिने मान वर करून सेहऱ्यात पाहायचा प्रयत्न केला. मग वडिलांकडे पाहिलं. मास्तर पागोटं सारखं करत होते. मग ती गर्दीत शोधायला लागली आणि कॅमेऱ्याशी येऊन थांबली.

मी बटण दाबलं. वेळ बरोबर साधली.

२१ फेब्रुवारी, रविवार

मास्तर आणि आत्या काल गेले. आज कुटुंबाचा मोठा फोटो, पुढच्या पायऱ्यांवर, बावीस माणसं. सूनबाईंचा पदर कपाळापर्यंत वर घ्यायची परवानगी सासूबाईंनी फोटोपुरती दिली. पदर नीट बसत नव्हता म्हणून मी जवळ गेले. कुंवरसाहेब शेजारीच बसले होते, मोजे घालून, समोर बघत. त्यांना मराठी येत नाही.

ती हलक्या आवाजात, ओठ न हलवता बोलली. तसं बोलायला मीच तिला शिकवलं होतं.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"बाबाले?"

"हो."

मी पदराला टाचणी लावली. ती म्हणाली, "बाबाले अजून दोन पोरी हायेत. त्याईचं मी समजून घेईन. तुमाले काय होतं, ताई?"

मी दुसरी टाचणी शोधत होते.

"ओंजळ करा म्हनलं, म्हनून?"

तिचा आवाज चढला नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं. वरच्या पायरीवरून राजासाहेब ओरडले, "मिस साहब, धूप जा रही है!"

मी म्हटलं, "मान सरळ ठेवा. हलू नका." आणि कॅमेऱ्याकडे परत आले.

अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर होतं. एवढ्या वेळात बाकीची एकवीस माणसं कमी-जास्त हलली आहेत. ती हलली नाही. तिचे डोळे सरळ लेन्समध्ये आहेत.

निघताना कुंवरसाहेबांनी रुक्माने सांगितलेल्या गोळ्यांचं नाव लिहून घेतलं. मी ते सांगितलं, एवढं तरी इथे लिहावं. त्यांनी कागदाची घडी करून हातमोज्यात ठेवली. ती घडी घालायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत केली नाही, कारण मुन्शी बघत होते.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आईने विचारलं, "सांगतलं का त्या पोरीले?"

"वेळ मिळाला नाही," मी म्हटलं.

आईने माझं ताट वाढून दिलं आणि माझ्याशेजारी न बसता दारात जाऊन बसली. मी सगळं जेवले.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

मुन्शी टिकाराम प्रती घेऊन परत आले. बाकी सगळ्या पसंत. पाणिग्रहणाची राजासाहेबांनी फाडली, तिची काच फोडून टाका म्हणाले. कुटुंबाचा मोठा फोटो मात्र ठेवायचा आहे, तो दिवाणखान्यात लागणार. एकच हरकत, राजासाहेबांच्या पत्नीची, राणीसाहेबांची. मुन्शींनी बोट ठेवून दाखवलं.

"बहू ऐसे आँख उठाकर देखती है, अच्छा नहीं लगता. आनेवाले क्या कहेंगे? रानीसाहिबा पूछ रही हैं, आँखें नीची हो सकती हैं क्या?"

मी काच खिडकीशी धरली आणि भिंग लावलं. होणार नाही, असं म्हणता आलं असतं. मुन्शींना यातलं काही कळत नाही, आमच्या साहेबांनाही फारसं नाही.

बुबुळांवर कठीण पेन्सिलने भरायचं, पांढऱ्याचा थर पात्याने उतरवायचा, वर पापणीची कड ओढायची, मग खाली थोडी सावली. दोन्ही डोळे मिळून मसुराच्या अर्ध्या दाण्याएवढे आहेत, पण काच शार्प आहे.

करता येईल, म्हटलं. सोमवारपर्यंत.